‘सोलापूर जिल्ह्यातील वाढती गुन्हेगारी’ या विषयावर पीएचडी करावी का?

प्रश्न थोडक्यात असा: वय २७, समाजशास्त्रात एम.ए. (५८ टक्के), सोलापुरात एलएलबीचं शेवटचं वर्ष. पुढे गुन्हेगारीशास्त्र आणि फौजदारी न्यायव्यवस्था हा विषय शिकवायचाय. नेट (सहायक प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) कशातून द्यावी, आणि ‘सोलापूर जिल्ह्यातील वाढती गुन्हेगारी: एक समाजशास्त्रीय अभ्यास’ हा पीएचडीचा विषय चालेल का?

चालेल. समितीत मंजूरही होईल. असे विषय मंजूर होत असतात. तरी तो घेऊ नका. ‘वाढती’ हा निष्कर्ष तुम्ही शीर्षकातच लिहून टाकलाय, आणि ‘गुन्हेगारी’ नावाची मोजता येईल अशी एकसंध वस्तू कुठल्याच दप्तरात सापडत नाही. दप्तरात सापडते ती नोंद. फिर्याद दिली कोणी, ती घेतली कोणी, कलम लावलं कोणी, पुढे साक्षीदार फितूर कुठे झाला, या सगळ्याचा माग कागदावर राहतो. आपल्या विषयातलं टिकाऊ संशोधन या मागावर चालतं. म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा वाचतो: नोकरी नेमक्या कोणत्या विभागात मिळू शकेल, आणि पुढची दहा-पंधरा वर्षं पुरेल असा कोणता कागद हाताशी धरावा?

आधी नोकरीचं बघू, कारण नेटचा विषय त्यावरून ठरतो. ‘गुन्हेगारीशास्त्र’ अशी पाटी असलेले विभाग देशात मोजकेच. मद्रास विद्यापीठ, तिरुनेलवेलीचं मनोन्मणियम सुंदरनार विद्यापीठ, मध्य प्रदेशातलं सागर, मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ ही ठळक नावं. सोलापूरकरांना त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ. आपल्याकडे मात्र हा विषय बहुतेक वेळा दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहतो. विधी महाविद्यालयात तो गुन्हेगारीशास्त्र आणि दंडशास्त्राचा पेपर असतो, समाजशास्त्रात एखादा ऐच्छिक पेपर आणि समाजकार्यात सुधारात्मक सेवा. जाहिरात निघते ती ‘विधी’ किंवा ‘समाजशास्त्र’ या नावाने, आणि छाननी करणारा माणूस पदव्युत्तर पदवीचा विषय आणि नेटचा विषय जाहिरातीशी जुळतो का एवढंच बघतो. नुसती गुन्हेगारीशास्त्रातली नेट घेऊन विधीच्या जागेसाठी गेलात तर अर्ज टेबलावरच बाजूला पडेल.

यातलं बरंचसं तुमच्या परिस्थितीवर आहे. घरचा खर्च लगेच उचलायचा असेल तर समाजशास्त्रातून नेट-सेट (सेट म्हणजे तीच परीक्षा राज्य पातळीवर) द्या, एम.ए. हातात आहे, गुण ५५ टक्क्यांच्या वर आहेत, उद्या अर्ज करता येईल. दोन-तीन वर्षं काढता येणार असतील तर एलएलएम करून विधीतून द्या. माझा कौल दुसऱ्या वाटेला आहे. एम.ए. समाजशास्त्र आणि एलएलएम एका माणसाकडे क्वचित असतं, आणि फौजदारी न्यायाच्या संशोधनाला हीच जोडी लागते. गुन्हेगारीशास्त्राची नेट (कोड ६८) जास्तीची म्हणून जरूर द्या, राज्याबाहेरच्या विभागांसाठी ती उपयोगी पडते. सेटचं मात्र जाहिरातीतली विषययादी वाचूनच ठरवा.

नेटचा हिशोब: पहिला पेपर ५० प्रश्न १०० गुण, दुसरा १०० प्रश्न २०० गुण, एकत्र तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जेआरएफला, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीला, खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३० आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांगांना पाच वर्षं सवलत, एलएलएम झालेल्यांना तीन. शिष्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये. २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएचडीला प्रवेशही मिळतो, त्यात ७० टक्के वजन परीक्षेला आणि ३० टक्के मुलाखतीला. जेआरएफ नसेल तर हे गुण एकच वर्ष चालतात, म्हणजे निकालाच्या आधी मार्गदर्शक शोधून ठेवायला हवा.

मार्गदर्शक निवडताना नाव नंतर बघा, आधी त्यांची निवृत्ती किती लांब आहे ते विचारा. तीन वर्षांपेक्षा कमी सेवा राहिली असेल तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. मग जागा किती भरल्यात ते: सहायक प्राध्यापकाला चार, सहयोगीला सहा, प्राध्यापकाला आठ. पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, वर दोन वर्षांची मुदतवाढ. महिला आणि दिव्यांगांना आणखी दोन.

पुढची शिडी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत आहे. सहायक प्राध्यापक म्हणून मूळ वेतन ५७,७०० पासून. थेट सहयोगी व्हायचं तर पीएचडी, आठ वर्षांचा अनुभव, सात शोधनिबंध आणि ७५ संशोधन गुण. प्राध्यापकपदाला दहा वर्षं, दहा निबंध, १२० गुण. सामाजिक शास्त्रांत आणि विधीत एका निबंधाला १० गुण मिळतात. दोघांनी लिहिला तर प्रत्येकी ७० टक्के, म्हणजे ७. चौघांनी मिळून लिहिलेल्या निबंधात पहिलं किंवा पत्रव्यवहार करणाऱ्याचं नाव तुमचं नसेल तर तुमच्या वाट्याला ३ येतात. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली आणि पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांचं त्यामुळे फावलंय. तिथे छापलेला निबंध मुलाखतीत समोर ठेवायची लाज वाटते, हे आधीच सांगून ठेवतो. आणि तासिका तत्त्वावर शिकवायला लागलात तर आठवड्याचे दोन दिवस संशोधनासाठी पहिल्या दिवसापासून बाजूला काढा. नंतर ते निघत नाहीत.

आता कागदाकडे येतो, कारण अडतं ते इथे.

तुमच्या विषयात पहिला महिना एनसीआरबीची (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची) कोष्टकं उतरवण्यात जाईल. त्यात तीन खड्डे आहेत. पहिला, एका एफआयआरमध्ये पाच कलमं असली तरी मोजणीत सर्वात गंभीर तेवढंच धरतात. बलात्कार करून खून झाला तर नोंद खुनाखाली. दुसरा, ‘सोलापूर’ ही एक ओळ नसते. शहर आयुक्तालय वेगळं, ग्रामीण वेगळं, आणि सोलापूर स्टेशनच्या फलाटावर मारलेलं पाकीट पुण्याच्या लोहमार्ग पोलिसांच्या आकड्यात जातं. तिन्ही जोडल्याशिवाय जिल्हा होत नाही. तिसरा खड्डा १ जुलै २०२४ चा. त्या दिवशी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि झपटमारीला कलम ३०४ असं स्वतंत्र घर मिळालं. आधी गळ्यातलं गंठण ओढलं तर पोलिस ठाण्यागणिक कधी ३९२ म्हणजे जबरी चोरी लागायची, कधी ३७९ म्हणजे साधी चोरी. त्यामुळे २०२५ मध्ये जबरी चोरी घटलेली दिसली तर शहर सुरक्षित झालं असं लिहिण्याआधी ३०४ चा रकाना उघडून बघा. तक्त्यात जुनं कलम आणि नवं कलम असे दोन रकाने सुरुवातीपासून ठेवा; जुने खटले अजून बरीच वर्षं भारतीय दंड संहितेखालीच चालणार आहेत.

दर काढतानाचा छेद हा वेगळाच घोळ. पंढरपूर घ्या. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या लाखाच्या आसपास. आकडे समजण्यापुरते धरू: वर्षात ६० पाकीटमारीच्या नोंदी, त्यातल्या २४ आषाढीच्या पाच दिवसांत. रहिवासी लोकसंख्येने भागलं तर वारीत दर लाख माणूस-दिवसांमागे ४.८ आणि उरलेल्या ३६० दिवसांत ०.१, म्हणजे ४८ पट. हा आकडा वर्तमानपत्राला फार आवडेल. पण त्या पाच दिवसांत गावात आणखी १० लाख माणूस धरला तर छेद ५५ लाख माणूस-दिवसांचा होतो आणि दर ०.४४ वर येतो, म्हणजे साधारण साडेचार पट. नोंदी त्याच, वारी तीच. कोहेन आणि फेल्सन यांची १९७९ ची दैनंदिन व्यवहारांची मांडणी (इच्छुक गुन्हेगार, सोयीचं सावज आणि राखणदाराची गैरहजेरी एका जागी, एका वेळी येणं) वर्गात शिकवायला चंद्रभागेच्या वाळवंटापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. फक्त छेद नीट धरा.

म्हणून माझी सूचना: गुन्हा सोडा आणि तडीपारीचे आदेश धरा.

का, ते सांगतो. महाराष्ट्र पोलिस अधिनियम १९५१ ची कलमं ५५, ५६ आणि ५७. टोळी, धोकादायक माणूस आणि आधी शिक्षा झालेला, असे तीन गट. कलम ५८ प्रमाणे मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. कलम ५९ ची नोटीस, कलम ६० प्रमाणे ३० दिवसांत राज्य शासनाकडे अपील. शहरात पोलिस उपायुक्त आदेश काढतात, ग्रामीण भागात बहुतेक वेळा प्रांताधिकारी. खटला न चालवता माणसाला घराबाहेर, जिल्ह्याबाहेर घालवणारा हा कागद आहे, आणि त्याला ठरलेला साचा आहे. साचा असला की मोजता येतं.

एक आदेश समोर ठेवून वाचायचा तो असा. वर नाव, वय, पत्ता. मग गुन्ह्यांचा तक्ता: पोलिस ठाणे, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), कलम आणि शेवटचा रकाना ‘सद्यःस्थिती’. आधी हा शेवटचा रकाना वाचा. ‘न्यायप्रविष्ट’ किती, ‘निर्दोष’ किती? सुटलेल्या गुन्ह्यांच्या आधारावर माणूस तडीपार होतोय का, ते इथे कळतं. नंतर तक्त्यातल्या शेवटच्या गुन्ह्याची तारीख आणि नोटिशीची तारीख यांतलं अंतर दिवसांत काढा. अंतर वाढत गेलं की गुन्हा आणि आदेश यांतला ‘जिवंत दुवा’ तुटला असं कोर्ट म्हणतं. त्याखाली गोपनीय साक्षीदारांचे जबाब, ‘अ’ आणि ‘ब’. ते एकमेकांची नक्कल वाटतात का, पडताळणी कोणी केली, कधी केली? शेवटी मुदत. दोन वर्षं लिहिली असतील तर दोनच का, याचं कारण आहे का? दीपक लक्ष्मण डोंगरे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी हेच बजावलं: तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे आणि कमाल मुदत द्यायची तर कारण नोंदवायला हवं. या निकालाआधीचे आणि नंतरचे आदेश शेजारी ठेवले की कारणं खरंच लिहायला लागले की एक ठरावीक वाक्य चिकटवायला लागले, ते दिसतं. एवढ्या प्रश्नावर एक चांगला निबंध उभा राहतो.

सोलापुरात या प्रश्नाला खोलीही आहे. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये नव्याने आला आणि मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसं तारेच्या कुंपणात ठेवली गेली. हजेरी द्यायची, गिरणीत राबायचं आणि परत कुंपणात यायचं. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशपातळीवर हा कायदा गेला. वस्तीचं नाव मात्र सेटलमेंटच राहिलं. तो गेल्यावर १९५९ चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा आला. सराईत माणसाकडून चांगल्या वर्तणुकीचा मुचलका घेण्याचं दंड प्रक्रिया संहितेतलं कलम ११०, ज्याला ठाण्यात ‘चॅप्टर केस’ म्हणतात, ते होतंच, आता नागरिक सुरक्षा संहितेत ते १२९ झालंय. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या जातीवर आधारलेल्या कामवाटपाबरोबर विमुक्त (म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या) जमातींना सराईत मानणाऱ्या तरतुदींवरही बोट ठेवलं. दुसऱ्या टोकाला सोलापूर ग्रामीण पोलिसांचं २०२१ चं ऑपरेशन परिवर्तन आहे, हातभट्टीवर छापे टाकण्याबरोबर मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी दुसरा रोजगार उभा करण्याचा प्रयत्न. कुंपण, हजेरी, मुचलका, तडीपारी, पुनर्वसन: ‘सराईत’ हा शब्द शंभराहून जास्त वर्षं कोणाला चिकटत आलाय, ही तुमच्या सगळ्या निबंधांना ओवणारी दोरी होऊ शकते. जुन्या कागदांसाठी मुंबईतलं राज्य पुराभिलेखागार बघा, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत. तिथे गृह विभागाच्या फाइली बघायच्या.

पण आडनावावरून जात ठरवू नका. हा मोह होणार, कारण आदेशात जात लिहिलेली नसते आणि तुम्हाला तर तेच शोधायचंय. एकच आडनाव आपल्याकडे चार जातींत असतं. पत्ता, वस्ती, जातप्रमाणपत्राचा उल्लेख असलेला दुसरा कागद किंवा थेट मुलाखत यांतलं काही नसेल तर तो रकाना रिकामा सोडा.

कागद मिळवायचे कसे? माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. नावं मागितलीत की नकार ठरलेला. त्याऐवजी संख्या मागा: अमुक ते अमुक वर्षांत कलम ५५, ५६, ५७ खाली किती प्रस्ताव आले, किती आदेश निघाले, प्रत्येकाची मुदत किती, अपिलात किती रद्द झाले. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. सोबत उच्च न्यायालयाचे निकाल संकेतस्थळावर फुकट आहेत, त्यात आदेशाचा मजकूर बराच उद्धृत केलेला असतो. पण नुसत्या निकालांवर निष्कर्ष काढलात तर फसाल. कोर्टापर्यंत जातो तो वकील परवडणारा, आणि तोही आदेशात आव्हान देण्यासारखं काही असलं तरच. निमूटपणे कर्नाटकात नातेवाइकांकडे दोन वर्षं काढून आलेला माणूस त्या नमुन्यात नसतो. निकाल आणि माहिती अधिकारातले आकडे यांची तुलना म्हणूनच हवी.

तक्ता बनवताना आधी २० आदेशांवर चाचणी करा. व्याख्या तिथेच मोडतात. ‘गुन्ह्यांची संख्या’ यात अदखलपात्र धरायचे का, चॅप्टर केस धरायची का, हे लिहून ठेवलं नाही तर शंभराव्या आदेशाला तुम्ही वेगळं मोजत असता. मग दर दहातला एक आदेश दुसऱ्या कोणाकडून स्वतंत्र भरून घ्या आणि जुळणी कप्पा गुणांकाने (दोघांच्या नोंदी योगायोगापलीकडे किती जुळतात ते सांगणारा आकडा) तपासा; ०.७ च्या खाली आली तर चूक माणसाची नसून व्याख्येची आहे असं धरून चाला. मूळ मराठी शब्द जसेच्या तसे एका रकान्यात ठेवा. ‘दहशत’, ‘उपद्रवी’, ‘सराईत’ यांचं इंग्रजी करून टाकलंत तर पुढचं विश्लेषण भाषांतराचं होईल.

मुलाखतींबद्दल एक गोष्ट कोर्सवर्कमध्ये कमी सांगतात. वकिलाला अशिलाची जी गोपनीयता कायद्याने मिळते ती संशोधकाला मिळत नाही. बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे ती कळवावीच लागते, न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. काही गंभीर गुन्ह्यांची खबर देण्याचं बंधन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये सर्वांवर आहे, आणि कलम ९४ खाली तुमची वही, रेकॉर्डिंग मागवता येतं. म्हणून ‘सगळं गुप्त राहील’ असं संमतीपत्रात लिहू नका, ते खोटं आहे. मुलाखतीआधी स्पष्ट सांगा: न उघडकीला आलेल्या गुन्ह्याचा तपशील, तारीख, साथीदारांची नावं मला सांगू नका. प्रश्न आदेश निघाल्यानंतरचे ठेवा: राहिलात कुठे, कामाचं काय झालं, घरी कोण मेलं तर परवानगी मिळाली का. तुरुंगातल्या मुलाखतींसाठी परवानगी पुण्याच्या कारागृह मुख्यालयातून लागते. ती वेळेत मिळेल या भरवशावर प्रकरणयोजना आखू नका.

तर क्रम असा लावा. या वर्षी एलएलबी पुरी करा आणि समाजशास्त्राची नेट देऊन बघा. पुढे एलएलएम, त्याचा प्रबंध उच्च न्यायालयाच्या ४०-५० तडीपारी निकालांवर. तोच तक्ता वाढवत पीएचडीत न्या, आणि विधीची नेट एलएलएमच्या शेवटच्या सत्रात द्या. शीर्षक सध्यापुरतं असं ठेवा: ‘महाराष्ट्र पोलिस अधिनियमाखालील तडीपारीचे आदेश: सोलापूर शहर व ग्रामीण, २०१५ ते २०२४’. यात ‘वाढती’ नाही, ‘एक अभ्यास’ही नाही, आणि मध्ये जानेवारी २०२२ ची रेघ आयती पडते. वर्गवारी आणि एलएलबीचे आतापर्यंतचे गुण कळवलेत तर एलएलएम एक वर्षाचं घ्यावं की दोन, यावर नेमकं सांगता येईल.